एक साल बाकी

रशीदचाचा, आधी आपल्या भांडणाचं बोलते. रडणं-बिडणं मागाहून होईल, आणि ते तुम्हाला आवडायचंही नाही. पण भांडण अर्धं टाकून उठून गेलात, हे काही बरं केलं नाहीत. इतकी वर्षं एकाच गोष्टीवरून वाद घातला आपण, आणि ऐन माझी बाजू वरचढ व्हायला लागली तर तुम्ही निघालात. मला कळलं तेही माती झाल्यावर. आईचा फोन आला, "रशीदभाई गेले व माय." मी पुण्यात तालमीच्या हॉलमध्ये घोट्याला पट्टी गुंडाळत होते. ती तशीच हातात धरून बसून राहिले.

आज आसेगावातूनच लिहितेय. आईच्या घरी, पुढच्या ओट्यावर, जिथे तुम्ही एकदा रंगाची वाटी घेऊन बसला होतात त्याच जागी. पुस्तकी लिहितेय म्हणून हसू नका. "पोट्टी पुन्याले जाऊन लय शुद्ध झाली," असं तुम्ही सगळ्या बसस्टँडला ऐकू जाईल असं म्हणायचात. शुद्ध काही झाले नाही. रडायला लागले की वऱ्हाडीच येते. परवा चाचींजवळ आली.

पुण्यात लोक विचारतात, हे रशीदचाचा तुझे कोण लागत होते? मी सांगते, ते माझी दोरी धरायचे. त्यातून कोणालाच काही कळत नाही. मग मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मी लहान असताना मला न्यूमोनिया झाला. पोर हाती लागत नाही असं डॉक्टर म्हणाला आणि आईने मोहरमच्या सवारीपुढे, मिरवणुकीतल्या त्या पंजापुढे नवस बोलला, पोर वाचली तर तीन सालं तिला वाघ करीन. आपल्याकडे यात कोणाला नवल वाटत नाही. आमच्या घरांतले नवस सवारीला जातात, तुमच्या घरांतले नारळ देवीला जातात, हे चालायचंच. घोळ वेगळाच होता. अंगाला पिवळा रंग लावून, काळे पट्टे ओढून, ताशावर नाचत जाणारे वाघ म्हणजे पोरं असतात. पोरी वाघ होत नाहीत. घाबऱ्या जिवाने नवस बोलताना आई हे साफ विसरली. मी चांगली दुडदुडायला लागले, शाळेत जायला लागले, तेव्हा तिला आठवलं. पदर तोंडाशी धरून ती तुमच्या टपरीवर आली. मी तिच्या मागे उभी होते.

तुम्ही गावचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचे मोर, पोहरादेवीच्या जत्रेआधी तिथल्या हॉटेलवाल्यांचे बोर्ड, सगळं तुमच्या हातचं. तरुणपणी स्वतः वाघ व्हायचात. गुडघा गेला तेव्हापासून दुसऱ्यांना रंगवायचात आणि त्यांच्या दोऱ्या धरायचात. आईने विचारलं, पोरीचा नवस आता फेडायचा कसा हो भाई. तुम्ही ब्रश रॉकेलच्या डब्यात घुसळत राहिलात, वर पाहिलंही नाहीत.

"वहिनी, तुमी नवस बोलल्या तवा सवारीनं इचारलं का, पोरगा हाय का पोरगी?"

"नाही."

"मंग आपन कायले इचारावं?"

झाला निकाल. गावात कुजबुज झाली, सवारी ठेवतात त्या आशूरखान्याच्या बुजुर्गांशी तुम्ही काय बोललात ते मला कधी कळलं नाही, पण मोहरम आला तेव्हा मला कोणी अडवलं नाही.

त्याआधी टपरीच्या मागच्या मोकळ्या जागेत तुम्ही मला शिकवायला घेतलं. मला वाटलं होतं उड्या शिकवाल, डरकाळी शिकवाल. तुम्ही कमरेला सुताची जाड दोरी बांधलीत, मागे जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, पुढे झुक. मी झुकले. अजून झुक. मी अजून झुकले आणि पडायच्या भीतीने पाय पुढे टाकला. "पाय नोको टाकू," तुम्ही मागून ओरडलात. "पायावर नोको उभी राहू. दोरीवर उभी राह्य." मग मी डोळे मिटले आणि स्वतःला सोडून दिलं. पोटात दोरी रुतली. डोळे उघडले तर माती नाकासमोर, पण मी पडलेली नव्हते. टाचा जमिनीत रोवून तुम्ही मागे रेललेले होतात, आणि माझं सगळं वजन तुमच्या हातात होतं.

"भेव वाटलं?"

"नाही."

"वाटाले पाह्यजे होतं. पन ठीक हाय."

मोहरमच्या दिवशी सकाळी पेवडीची पिवळी माती गोंदाच्या पाण्यात कालवून तुम्ही माझं तोंड रंगवलंत. रंग सुकताना कातडी ओढली जायची आणि खाज यायची. खाजवायचं नाही, बोलायचं नाही. "वाघ कुठं बोलते?" हा तुमचा कायदा. मी जन्माची बडबडी. त्या दिवसाएवढी गप्प मी आयुष्यात कधी राहिले नसेन. आणि गप्प राहिले म्हणूनच बहुतेक, सगळं इतकं लख्ख दिसलं. रोज मला "ए कांचन, दुकानातून साखर आन" म्हणणाऱ्या बाया ओट्यांवरून उतरून आपली लेकरं माझ्या पायाला लावत होत्या. आमच्या शाळेचे मास्तर रस्त्यातून बाजूला झाले. ताशा अंगात शिरत होता आणि ही मोठी माणसं मला भीत होती. मला त्यांची कीव आली नाही की हसू आलं नाही. मला वाटलं, हे मला नाही घाबरत, माझ्या अंगात जे येऊन बसलंय त्याला घाबरतात, आणि मी स्वतःही त्याला घाबरले.

शेवटी सवारीसमोरचं वळण. तिथे वाघ सवारीकडे झेप घेतो आणि दोरीवर तसाच अधांतरी थांबतो. त्याच क्षणी ताशा बंद होतो. सगळा रस्ता गप्प. मी पुढे झुकलेली, हात पसरलेले, आणि माझ्यापुढे हिरव्या कापडातली, फुलांनी झाकलेली ती सवारी. तेवढा वेळ मी जमिनीवर नव्हते आणि आभाळातही नव्हते. मग तुम्ही दोरी ओढून घेतलीत, ताशा सुरू झाला, आणि मी परत कांचन झाले.

असं दोन सालं झालं. तिसऱ्या साली मी अंगाने वाढले होते, मामाकडून निरोप आला होता की आता हे पुरे, आणि आई कचरली. तुम्ही सकाळीच रंग घेऊन आलात. आईने दारातच सांगितलं, या वर्षी नको. तुम्ही वाद घातला नाहीत. ओट्यावर बसलात, चहा प्यायलात, वाटीतला रंग कडेने सुकत गेला. मी आतून दाराच्या फटीतून पाहत होते. उठताना तुम्ही एवढंच म्हणालात, "ठीक हाय वहिनी. पोरीचं एक साल बाकी राह्यलं."

मग ते तुम्ही कधी सोडलंच नाही. मी वाशीमला कॉलेजात गेले, तिथून पुण्याला नाच शिकायला गेले, आई आणि मामा दोघे माझ्याशी बोलेनासे झाले, पुढे बोलायलाही लागले. पण मी केव्हाही गावी आले आणि बसमधून उतरले की टपरीतून पहिला आवाज तुमचा. कशी आहेस नाही, केव्हा आलीस नाही. "तुहं एक साल बाकी हाय." मी चिडायचे. म्हणायचे, चाचा, मी आता मोठी झाले, काय वाघ करता मला? तुम्ही म्हणायचात, "म्या कुठं करतो. बाकी हाय इतकं सांगून राह्यलो."

आणि मग "उंबरा" आला.

फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, बॅले म्हंजे काय, आणि मी धड उत्तर दिलं नव्हतं. आता देते. "उंबरा" हा जगभर नावाजलेला बॅले आहे. गोष्ट नाही, संवाद नाही. मोकळा रंगमंच, आणि पुढच्या बाजूला जमिनीवर उजेडाची एक पट्टी. तोच उंबरा. नाचणारे एकेक करून तिथपर्यंत येतात, आपापल्या परीने झगडतात, आणि ओलांडून अंधारात निघून जातात. शेवटी एकटीच उरते. ती पट्टीपाशी येते, संगीत थांबतं, आणि ती पुढे झुकते. इतकी झुकते की आता पडणारच. पडत नाही आणि ओलांडतही नाही. तशीच राहते आणि दिवे जातात. ज्या बाईने तो बसवला ती केव्हाच वारली. पण तिच्या हयातीत ज्यांनी तो नाचला, त्यांनीच पुढच्यांना शिकवायचा अशी रीत आहे. पुण्यात आम्हाला शिकवायला हेलेन आली. साठीची, काटक, केस बारीक कापलेले. तरुणपणी शेवटची ती एकटी बाई तिने केली होती. ते काम तिने मला दिलं.

पहिल्याच दिवशी मी तोंडावर आपटले. हनुवटी फुटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हा झोक बोटांच्या, घोट्याच्या, पोटाच्या ताकदीवर इंच इंच पुढे न्यायचा असतो. बाकीच्या मुली करून पाहायच्या तेव्हा मागच्या मागे राहायच्या. मी एकटीच अशी की सरळ पुढे जाऊन पडायचे. हेलेनने मला थांबवलं. म्हणाली, "तू झुकत नाहीस. तू स्वतःला सोडून देतेस. कोण धरणार आहे तुला?"

मी काय सांगणार, चाचा? सांगितलं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत मोहरम सांगितला, वाघ सांगितला, पेवडी सांगितली, तुमच्याबद्दल सांगितलं. वाटलं, आता सगळे हसतील. हेलेनने एकच विचारलं, दोरी कमरेला नेमकी कुठे बांधायची? मी दाखवलं. तिने गळ्यातली शाल काढली, तिथे गुंडाळली आणि माझ्या मागे जाऊन उभी राहिली. मी झुकले. पट्टीच्या पार गेले. मला वर ओढून घेऊन ती म्हणाली, "तू चुकीचं काही शिकली नाहीस. दोरी धरणारा घरी ठेवून आलीस, एवढंच."

मग रोज ती शाल थोडी सैल करत गेली. दोरीचं काम माझ्या बोटांनी शिकून घेतलं, पोटऱ्यांनी शिकून घेतलं. खूप दुखलं. एक दिवस तिने शाल काढून खांद्यावर टाकली, आणि मी उभी राहिले. पण खरं सांगते, पाय शहाणे झाले तरी अंगाने दोरी सोडली नाही. कमरेच्या मागे, मणक्याच्या दोन बाजूंना, ती मला लागायची.

प्रयोगाला तुम्ही येणार होतात. आईने ट्रॅव्हल्सचं तुमचंही बुकिंग करून ठेवलं होतं. ऐन वेळी तुमच्या छातीने दगा दिला. आई एकटी आली आणि शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवून बसली. कोणीतरी जागा मागितली तर म्हणाली, माणूस येणार आहे.

त्या संध्याकाळचं मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. सगळे ओलांडून गेले. मी उरले. पट्टीपाशी आले. समोर काळोख, त्या काळोखात भरलेलं थिएटर. संगीत थांबलं, आणि चाचा, तो ताशाच थांबला. तीच शांतता होती. आसेगावच्या त्या वळणावरची, तीच, जशीच्या तशी. मी कुठे आहे याचा मला विसर पडला नाही, उलट मी दोन्हीकडे होते. मी पुढे गेले. तालमीत कधी गेले नव्हते इतकी पुढे गेले. पायांनी सांगितलं, आता बस. मी ऐकलं नाही. आणि कमरेला ओढ बसली. खरी. मागून कोणीतरी टाचा रोवल्या. मी जमिनीवर नव्हते आणि समोर जे होतं त्याला माझ्याकडे नाव नव्हतं. सवारी नव्हती, पण सवारीपुढे वाटायचं तेच वाटत होतं. एवढं मोठं काहीतरी, आणि त्याच्यापुढे मला उभं राहू दिलंय. अंगावर काटा आला होता, आणि तो पहिल्या रांगेला दिसला असेल. दिवे गेले. विंगेत हेलेन उभी होती, दोन्ही हात तोंडावर. ती मला काही बोलली नाही. मीही बोलले नाही, वाघ कुठं बोलते.

प्रयोगाचं चित्रीकरण मी तुम्हाला पाठवलं. तुमचा फोन आला. मी जीव कानात आणून ऐकत होते.

"पाह्यलं," तुम्ही म्हणालात. "लाईट चांगली होती."

लाईट. मला असा राग आला. म्हटलं, चाचा, लाईट सोडा, आता झालं की नाही माझं तिसरं साल? आता तरी म्हणा झालं.

"तिकीट होतं ना पाहाले?"

"हो."

"मंग नाही. नवसाले तिकीट नसते."

"अहो पण..."

"रंग कुठी होता? सवारी कुठी होती? बाकी हाय तुहं. मोहरमले ये, मंग पाहू."

आणि खोकत खोकत फोन ठेवलात. दोरीचं मला सांगायचं होतं. ती ओढ सांगायची होती. तिकिटाच्या भांडणात ते राहून गेलं. म्हटलं, गावी गेल्यावर समोर बसून सांगीन, फोनवर असलं बोलता येत नाही. तो आपला शेवटचा फोन निघाला.

परवा आले तशी चाचींकडे गेले. तुमच्या मागे चाची इद्दतीत आहेत, ते चार महिने आतल्या खोलीतच काढायचे असतात. मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. मी रडले, त्या रडल्या. मग डोळे पुसून मी जरा तक्रारच केली. म्हटलं, "चाची, एवढं करून दाखवलं मी, तर चाचा म्हने लाईट चांगली होती."

चाची माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "तसं म्हने व्हय तुले?"

मग त्यांनी सांगितलं. चाचा, तुम्ही त्यांना सांगू नको म्हणालात, तरी त्यांनी सांगितलं. आता त्यांना काही बोलू नका.

"मोबाईल म्या धरला होता, बेटा. थे बाजीवर टेकून पाहून राह्यले होते. तू एकटी राह्यली, तसे उठून बसले. तू वाकाले लागली तं पाय खाली सोडले, टाचा फरशीवर अशा रोवल्या. चादरीचा पदर दोन्ही हातानं धरला, मनगटाले गुंडायला, आन् मांगं रेलले. म्या घाबरली. म्हनलं, अवो, दम लागन, सोडा थे. तं मलेच डाफरले. म्हने, सोडू कशी? पोट्टी पुढं गेली हाय."

मला पुढचं ऐकूच येईना. चाचींनी पाणी दिलं. मी नाचले त्या संध्याकाळी, तुम्ही पाहिलंत ते मागाहून. हे कसं जुळतं, ते मला विचारू नका. मीही कोणाला विचारणार नाही.

"दिवे गेले तवा चादर सोडली," चाची म्हणाल्या. "घामाघूम झाले होते. मंग म्हने, झालं हिचं. तिन्ही सालं झाले. म्या म्हनलं, मंग फोन करून सांगा ना लेकराले, खुश होईन. तं म्हने, नोको. तू बी सांगू नोको. बाकी राह्यली नाही तं थे कायले येईन आसेगावले?"

मी हसले, चाचा. त्या खोलीत, त्या दिवसांत हसू नये, पण हसले, आणि चाचीही हसल्या, तोंडाला ओढणी लावून. केवढे लबाड हो तुम्ही. मला वाटायचं, तुम्ही मला काहीतरी चुकल्याची आठवण करून देता. तुम्ही नुसती दोरी धरून बसला होतात. वाशीमपर्यंत सोडलीत, पुण्यापर्यंत सोडलीत, आणि टोक मनगटाला गुंडाळून ठेवलंत. मी किती पुढे गेले, कशाच्या भरवशावर गेले, हे मला आत्ता कळतंय. याबद्दल तुमचे उपकार मानायचे तर कुठल्या शब्दांत मानू? तुमच्या भाषेत त्याला शब्द नाही, कारण तुम्ही कोणाला कधी ते म्हणूच दिलं नाही. म्हणायला गेलं की म्हणायचात, चहा पे.

तर आता भांडणाचं. तुमचा निकाल मला मान्य नाही. चाचींनी सांगितला, मी ऐकला, आणि मी तो मानत नाही. तिकीट होतं, चाचा. लोकांनी पाहायला तिकीट काढलं होतं, आणि नवसाला तिकीट नसतं. तोंडाला पेवडी नव्हती, दिव्यांचा उजेड होता. सवारी नव्हती. तुमचेच मुद्दे आहेत, आणि पक्के आहेत. तुम्ही प्रेमाच्या भरात निकाल फिरवलात, तो काही धरता येत नाही.

मोहरमला मी येईन. वाघ होईन की नुसती ओट्यावर उभी राहून ताशा ऐकीन, ते तेव्हाचं तेव्हा पाहू. लोक विचारतील, आता कायले येते ही, रशीदभाई तर गेले. बसमधून उतरेन तेव्हा टपरी बंद असेल आणि कोणी हाक मारणार नाही. म्हणून या खेपेला मीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्हाला तिकडे चुकल्यासारखं वाटायला नको.

माहं एक साल बाकी हाय, चाचा.